जुन्या फियाटच्या सीटा घरीच लेदरने मढवायच्यात, कुणी केलंय का?

अर्धाकटिंग
मंडळी, घरात १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे (आमच्याकडे सगळे फियाटच म्हणतात). मामांकडून माझ्याकडे आली. इंजिन ठणठणीत, पत्र्याचं काम मागच्या उन्हाळ्यात उरकलं, रंग होता तोच ठेवला. राहता राहिल्या सीटा. गिअर स्टिअरिंगवर असल्यामुळे पुढे सलग बाकडं, मागे नेहमीची. रेक्झिन तडकलंय, शिवणी उसवल्यात, आणि ड्रायव्हरच्या जागी बसलं की माणूस चार बोटं खाली जातो आणि एक स्प्रिंग टोचते. कुठे ते लिहीत नाही.

कुशनवाल्यांकडे चौकशी केली. एक म्हणाला साहेब लेदर कशाला, लेदरेट घ्या, कुणाला कळतंय. दुसऱ्याने खऱ्या लेदरचा आकडा सांगितला तो ऐकून मी समोरचा चहा तसाच ठेवून उठलो. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की घरीच करावं. आईचं काळं शिलाई मशीन आहे, मोटर लावलेलं, पार्किंगमध्ये जागा आहे, शनिवार-रविवार मोकळे आहेत, बायकोची परवानगी आहे (तोंडी). तर लेदर किती लागेल, कुठलं घ्यायचं, घरच्या मशीनवर शिवलं जातं का आणि मुळात हा वेडेपणा आहे का, एवढं सांगा. शेवटच्या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हणणाऱ्यांनी कारण द्यावं.

टिंग्या
हो. कारण: परवानगी तोंडी आहे.

बारातेराचापाना
लेदरचं नंतर बघू. आधी सीटा बाहेर काढा. पुढची रुळांवर बसवलेली असते, बोल्ट गंजून बसलेले असणार, तेव्हा आदल्या रात्री तेल सोडून ठेवा आणि सकाळी पाना लावा, डोकं गोल झालं की मग ग्राइंडर आणि शिव्या. मागची बसायची गादी बहुतेक नुसती पुढच्या कडेने वर उचलली की येते, पाठ वेगळी निघते.

रेक्झिन फाडू नका, उसवा, तेच तुकडे पुढे साचे म्हणून लागतात. त्याच्याखाली कापूस, काथ्या, मग गोणपाट आणि मग स्प्रिंगांचा सांगाडा. तुमची जी टोचतेय ती स्प्रिंग तुटलेली असेलच असं नाही, पुष्कळदा गोणपाट सडतं आणि काथ्या भुगा होऊन खाली गळतो, मग स्प्रिंग थेट वर येते. गादी उचलून झटकलीत तर खाली काथ्याची रांगोळी पडेल. हे दुरुस्त न करता वर लेदर चढवलं तर मोडक्या खाटेवर पैठणी अंथरल्यासारखं होईल, आणि लेदर आतून स्प्रिंगेवर घासून वर्षभरात फाटेल ते वेगळं.

सांगाडा तारेच्या ब्रशने घासायचा, रेड ऑक्साइड मारायचा, तुटलेल्या स्प्रिंगा बदलायच्या किंवा शेजारच्या स्प्रिंगेला तारेने बांधायच्या. वर नवीन गोणपाट घट्ट ताणून कडेने सुतळीने शिवायचं. ह्या सगळ्याला मशीन लागत नाही, फक्त हात काळे करायची तयारी लागते. कुशनवाला ह्याचेच पैसे लावतो आणि बहुतेक वेळा हेच करत नाही.

मूळचंच_बरं
अप्रिय बोलतो. पद्मिनीला लेदर कधी नव्हतंच. रेक्झिन, तेही नळ्या-नळ्यांचं शिवलेलं, कडेला पायपिंग (शिवणीतली गोल गोट). त्या गाडीचं रूप त्यातच आहे. ४० हॉर्सपॉवरची १०८९ सीसीची साधीसुधी मध्यमवर्गीय गाडी, तिला जॅग्वारचा कोट घालून काय मिळणार? चांगल्या दर्जाचं रेक्झिन आणा, जुन्या नळ्या मोजून तशाच शिवून घ्या, दहा वर्षं बघायला नको.

आणि गंमत म्हणून सांगतो, मोटारींच्या सुरुवातीच्या काळात लेदर ही श्रीमंतीची खूण नव्हती. मोठ्या लिमोझीनमध्ये पुढे शोफरची जागा उघडी असायची, ऊन-पाऊस सोसेल म्हणून त्याला लेदर. मागे काचेआड मालक बसायचे उंची लोकरी कापडावर. तेव्हा अर्धाकटिंग, तुम्ही ड्रायव्हरचीच सीट लेदरने मढवली तर ते ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर ठरेल.

अर्धाकटिंग
@मूळचंच_बरं, मुद्दा मान्य, पण मामांच्या काळातच ह्या गाडीवर दोनदा सीट कव्हर चढलंय, एक फुलाफुलांचं होतं, त्यामुळे मूळपणा तसाही केव्हाच गेला. उद्या ती प्रदर्शनात उभी करायची नाहीये, चालवायची आहे. शिवाय मे महिन्यात रेक्झिनवर पाठ चिकटते त्याचं काय.

वऱ्हाडीठेचा
मे महिन्याचं नाव काढू नका भाऊ, आम्ही नागपूरचे. उन्हात उभ्या केलेल्या काळ्या लेदरवर दुपारी दोन वाजता हाफ पॅन्ट घालून बसून दाखवा, मग बोलू. चिकटणं परवडलं ना बाप्पा, ते भाजते. आमच्याकडे सगळ्यात भारी सीट कव्हर म्हणजे जुनी सुती चादर. लेदर करायचंच असेल तर फिकट रंग घ्या, बिस्किटी वगैरे, काळा तर मुळीच नको.

सुईदोरा
मी घरी लेदरच्या बॅगा शिवते, सीट कधी केली नाही, तरी मशीनबद्दल सांगू शकते.

काळं जुनं बिडाचं मशीन असेल तर ते आजच्या प्लॅस्टिकच्या दहा-वीस टाक्यांवाल्या मशीनपेक्षा बरंच. एक मिलिमीटर जाडीच्या लेदरचे दोन थर ते आरामात घेतं. खरी अडचण येते सांध्याला. सीटमध्ये कोपऱ्यावर दोन तुकडे, मध्ये पायपिंग (म्हणजे आणखी दोन थर), एखाद्या ठिकाणी आडवी शिवण आलेली, असे सहा थर एकदम येतात आणि तिथे मशीन एकतर अडतं किंवा टाका सोडतं. मोटर बंद करून हाताने चाक फिरवत तेवढं पार करता येतं, पण प्रत्येक कोपऱ्यावर. दुसरं म्हणजे घरच्या मशीनला खालूनच दाते असतात, वरचा पाय नुसता दाबून धरतो, त्यामुळे वरचा थर मागे राहतो आणि लांब शिवणीच्या शेवटी एक तुकडा दुसऱ्यापेक्षा बोटभर मोठा निघतो. कुशनवाल्यांच्या मशीनचा वरचा पाय पण चालतो. घरी करायचं तर टेफ्लॉनचा पाय लावा, लेदर चिकटत नाही, आणि टाचण्यांऐवजी कपड्यांचे बारीक चिमटे वापरा.

टाचण्या का नाही? कारण लेदरला पडलेलं भोक बुजत नाही. उसवून पुन्हा शिवलं तर जुनी भोकं तशीच दिसतात. म्हणून टाका पण मोठा ठेवायचा, साडेतीन-चार मिलिमीटर. बारीक टाके घातले तर मजबूत व्हायच्या ऐवजी पोस्टाच्या तिकिटाची कड तयार होते आणि तिथूनच फाटतं.

सुई लेदरचीच, तिचं टोक पात्यासारखं असतं, १६ किंवा १८ नंबर. दोरा शिंप्याचा नको. बॉन्डेड पॉलिएस्टर (वर लेप देऊन पीळ पक्का केलेला दोरा) मागा, नायलॉन मजबूत असतो पण उन्हाने लवकर कुजतो आणि गाडी म्हणजे ऊनच.

बारातेराचापाना
@सुईदोरा ताई, हे असं लिहिलेलं प्रिंट काढून भिंतीला लावण्यासारखं आहे.

टिंग्या
फक्त टाचणी वापरू नका.

रंकाळ्याकाठचा
कोल्हापूरकर हजर. भावा, लेदर म्हणलं की सगळे आमच्याकडं बघतात म्हणून आधीच सांगतो, चपलेचं कातडं सीटला आणू नको. आमचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं असतंय, म्हशीचं, ताठ. पायाखाली दहा वर्षं जाईल पण सीटच्या कोपऱ्यावर वळणार नाही, पाणी सांडलं की डाग धरतंय, आणि सुरुवातीला करकर वाजतंय. चपलेत ती करकर ऐकायला लोक पैसे मोजतात, गाडीत डोकं उठेल.

सीटला लागतंय ते क्रोम टॅनिंगचं, म्हणजे क्रोमच्या क्षारात कमावलेलं मऊ कातडं, जाडी १ ते १.२ मिलिमीटर, वर रंगाचा थर दिलेलं. ते कानपूर, नाहीतर तामिळनाडूत आंबूर, वाणियंबाडी, राणीपेठकडून येतंय. मुंबईत असशील तर धारावीत हिंडून बघ, चपला-बुटांचं लेदर ठक्कर बाप्पा कॉलनीत पण मिळतंय पण सोफ्याचं म्हणजे अपहोल्स्ट्रीचं लेदर म्हणून माग, बुटाचं नको.

कातडं मीटरवर मिळत नाही, चौरस फुटावर मिळतंय. मागच्या बाजूला आकडा लिहिलेला असतोय. पाठीचा कणा असतो तिथलं कातडं घट्ट आणि एकसारखं, पोटाकडचं सैल, ताणलं की ताणतच जातंय. म्हणून बसायची जागा आणि पाठ टेकायची जागा कण्याच्या बाजूने काढायची, पोटाकडचं खालच्या पट्ट्यांना. विकणारा हे सांगणार नाही. आणि सगळे साचे कातड्यावर मांडल्याशिवाय एक पण काप मारायचा नाही.

गल्लीबोळ
खरं लेदर ओळखायचं कसं ते पण सांगा, एकाने मला 'जेन्युइन' म्हणून जे दिलं ते दोन पावसाळ्यांत सोललं, खाली कापड निघालं.

रंकाळ्याकाठचा
सोलतंय म्हणजे एकतर रेक्झिन नाहीतर बाँडेड. बाँडेड म्हणजे कातड्याचा चुरा डिंकात कालवून कापडावर थापलेला. कडेची चिंधी माग आणि दुकानाबाहेर काडी लावून बघ. कातड्याला केस जळल्याचा वास येतोय आणि ते आक्रसून काळं होतंय, रेक्झिन वितळून थेंब पडतोय. कापलेली कड बघ, कातड्यात दोरे-दोरे गुंतलेले दिसतात, विणलेलं कापड दिसत नाही.

निळाआकाश
गोमातेच्या राज्यात लेदरच्या सीटा? छान चाललंय.

रंकाळ्याकाठचा
२०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैल पण त्यात आला हे आम्हाला तुमच्यापेक्षा आधी कळलं, धंद्यावर परिणाम झालाय. म्हशीचं चालतंय. तुम्ही पायात काय घालता?

वऱ्हाडीठेचा
(पॉपकॉर्न)

प्रशासक
ह्या मुद्द्यावर वेगळा धागा आहे, तिथे भांडा. इथे सीटांवर बोला. निळाआकाश यांचे पुढचे दोन प्रतिसाद आणि त्यावरची उत्तरं काढली आहेत.

काळीपिवळी
फियाटच्या सीटा म्हटल्यावर राहवलं नाही. माझे वडील ह्याच गाडीची टॅक्सी चालवायचे, गिरगाव-ताडदेव भागात. दर दिवाळीला टॅक्सीच्या सीटा नव्या, म्हणजे वरचं कव्हर नवं. सोनेरी वेलबुट्टी, छताला पण तेच कापड, दाराला पण. वरून जाड पारदर्शक प्लॅस्टिक, पावसात पाठ ओली झालेले पॅसेंजर बसणार म्हणून. कुर्ल्याच्या कारखान्यातून नवीन गाडी यायची तेव्हासुद्धा ती थेट स्टँडवर लागायची नाही, आधी कुशनवाल्याकडे जायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा वडिलांनी टीव्ही बंद केला.

वडील म्हणायचे स्प्रिंगेची सीटच बरी, दिवसाचे दहा-बारा तास त्यावर काढायचे असतात, फोम उन्हाळ्यात तापतो. हे टॅक्सीवाल्याचं मत आहे, ज्याला जे वाटेल ते घ्या.

दीडशहाणा
स्प्रिंगा कशाला ठेवताय? सगळं काढून टाका, प्लायवुड बसवा, त्यावर ४० डेन्सिटीचा चार इंची फोम, संपला विषय. मी ओम्नीला केलंय.

बारातेराचापाना
ओम्नीला करा. फियाटला नको. स्प्रिंगा काढल्या की बसायची उंची बदलते, पाय पेडलला वेगळ्या कोनातून पोचतो, आणि त्या गाडीचं सस्पेन्शन एवढं कडक आहे की अर्धे धक्के सीटच्या स्प्रिंगाच खातात. प्लायवुडवर बसून एकदा पुणे-महाबळेश्वर करा, परत येताना एसटीने याल.

माझं मत: स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, मग एक इंच कडक फोम (४० डेन्सिटी), त्यावर अर्धा इंच मऊ. फोम चिकटवायला फेविकॉल एसआर, दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. घाई केली तर सरकतो. फोम कापायला हॅकसॉचं पातं उत्तम, कात्रीने कड तिरकी येते आणि ती तिरकी कड लेदरमधून दिसते.

दीडशहाणा
ठीक आहे, माझी ओम्नी आणि मी.

कॉव्हेंट्रीचा_पाऊस
इंग्लंडमधून. माझ्याकडे जुनी एमजीबी (दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे, १९७० च्या आधीची. इथे ह्या गाड्यांचे लेदरचे तयार शिवलेले कव्हर मिळतात, फोम मिळतो, सीटखालच्या रबरी पट्ट्या मिळतात, क्लिपा मिळतात, सगळं खोक्यात घरी येतं. म्हणजे मी 'घरी केलं' म्हणतो ते फक्त चढवणं. तुम्हाला शिवण्यापासून सगळं करायचंय, साष्टांग दंडवत.

तरी दोन-तीन गोष्टी. कव्हर चढवताना फोमवर पातळ प्लॅस्टिक (कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगची पिशवी चालते) पांघरा. लेदरची आतली बाजू फोमवर अजिबात सरकत नाही, प्लॅस्टिकवरून घसरते. बसलं की ओढून काढा किंवा आतच राहू द्या. चढवायच्या आधी कव्हर उन्हात ठेवा (तुमच्याकडे ऊन आहे, मी हेअर ड्रायर वापरला), गरम लेदर पाव इंच तरी जास्त ताणतं आणि थंड झालं की घट्ट बसतं.

आणि खर्चाबद्दल. जुन्या एमजीबीत मूळ कारखान्यातूनच फक्त अंग टेकतं तेवढ्या भागाला लेदर होतं, कडा आणि मागची बाजू लेदरसारखं दिसणारं कापड, म्हणजे आपलं रेक्झिनच. रंग जुळलेला असला की जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. पद्मिनीला पण हे का नाही करत?

मूळचंच_बरं
हे पटलं. निदान अर्धं तरी मूळ राहील.

सुईदोरा
फक्त लेदर आणि रेक्झिन एकमेकांना शिवताना सांभाळा, रेक्झिन ताणत नाही, लेदर ताणतं, शिवणीला चुण्या येतात. लेदर खाली आणि रेक्झिन वर ठेवून शिवा, दाते जास्तीचं ओढून घेतात.

समुद्राजवळ
रत्नागिरीहून. सीटा करायच्या त्या करा पण पावसाळ्याचं काय ते आधी ठरवा. आमच्याकडे जून-जुलैत लेदरच्या पट्ट्यावर पण पांढरी बुरशी येते. गाडी आठवडाभर बंद राहिली की आत वास. रोज खोबरेल तेलाचा हात फिरवा, आजोबा घोड्याच्या खोगिराला तेच लावायचे.

रंकाळ्याकाठचा
खोबरेल नको. वरचा रंगाचा थर असतोय, तेल आत जातच नाही, वर चिकट बसतंय, त्यावर धूळ, आणि काही दिवसांनी खवट वास. खोगीर वेगळं, ते बिनरंगाचं असतंय.

समुद्राजवळ
आजोबांच्या खोगिराला कधी वास आला नाही.

रंकाळ्याकाठचा
घोड्याचा येत असंल.

समुद्राजवळ
:) बरं मग काय लावायचं ते सांगा.

रंकाळ्याकाठचा
ओलसर कापडाने पुसायचं, कपड्याचा साबण नको, तो क्षार असतोय आणि कातडं थोडं आम्ल. लेदर कंडिशनर मिळतंय ते वर्षातून दोन-तीनदा पातळ हाताने. बुरशीवर औषध एकच, वारा. काचा बोटभर खाली ठेवून गाडी छपरात लावायची. भिजलं तर सावलीत सुकवायचं, उन्हात ठेवलं की पापड.

ईव्हीयेईलतेव्हा
माझ्याकडे जरा नवी गाडी आहे, २०१७ ची, सीटा खराब झाल्यात, मी पण हेच घरी करू का?

बारातेराचापाना
सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली आहे का बघा. असेल तर हात लावू नका. तिथली शिवण मुद्दाम फाटण्यासाठी वेगळ्या दोऱ्याने घातलेली असते, तुम्ही बॉन्डेड दोऱ्याने मजबूत शिवली तर एअरबॅग बाहेरच येणार नाही. वरून घट्ट कव्हर घालणं पण तसंच. जुन्या गाड्यांचं सुख हेच की सीटमध्ये सीटच असते.

अर्धाकटिंग
सगळ्यांना धन्यवाद, आता अपडेट.

सीटा निघाल्या. पुढचे दोन बोल्ट ग्राइंडरने. बारातेरा काका म्हणाले तसंच निघालं, ड्रायव्हरच्या बाजूचं गोणपाट हात लावला की चुरा होत होतं, टोचणारी स्प्रिंग शाबूत होती पण तिची वरची तार, जिने ती कडेच्या चौकटीला बांधलेली असते, ती सुटून वर आली होती. काथ्यात उंदराने संसार थाटलेला, त्यात एक चार आण्याचं नाणं, हेअरपिना आणि लकी ड्रॉचं कूपन, १९९१ चं. मामींना फोटो पाठवला, म्हणाल्या नंबर काय आहे बघ.

कव्हर उसवून ठेवलंय. प्रत्येक तुकड्यावर मार्करने नाव, कुठली बाजू वर त्याचा बाण, आणि शेजारच्या तुकड्याशी जुळणाऱ्या आडव्या खुणा मारल्या. मजा म्हणजे डावी आणि उजवी बाजू सारखी नाहीच. ड्रायव्हरच्या बाजूचं रेक्झिन इतक्या वर्षांत इतकं ताणलंय की तोच तुकडा साचा म्हणून वापरला तर नवीन सीट बसल्या बसल्या जुनी दिसेल. म्हणून मधून दुमडून डाव्या अर्ध्यावरून पुठ्ठ्याचा साचा काढला, तोच उलटा करून उजवा. नळ्यांमधलं अंतर मूळचंच ठेवलंय (मूळचंच_बरं, नोंद घ्यावी).

साचे जमिनीवर मांडून मोजलं. सगळं लेदरने केलं तर वाया जाणारं धरून ८०-९० चौरस फूट लागतंय, फक्त अंगाला लागणारे भाग केले तर ४५-५० मध्ये भागतं. तेव्हा कॉव्हेंट्रीकरांचंच ऐकतोय. बिस्किटी रंग, लेदर मिळालं की त्याच्यावरून रेक्झिन जुळवणार, उलट नाही, कारण रेक्झिन शंभर रंगांत मिळतं.

आता मशीन. आईच्या मशीनवर चिंध्या शिवून बघितल्या. दोन थर छान. पायपिंगसकट चार थर हाताने चाक फिरवून जमले. आडवी शिवण आली तिथे सुईचं टोक मोडलं आणि आई म्हणाली माझं मशीन ठेव खाली.

बारातेराचापाना
आई बरोबर बोलल्या. शिलाई बाहेर द्या. कुशनवाल्याकडे नाही, रिक्षाचे हूड शिवतात ना त्यांच्याकडे. मशीन तेच, हात त्याच्याहून साफ, आणि दिवसभर जाड ताडपत्री शिवून कंटाळलेले असतात. कापलेले, खुणा केलेले तुकडे नेऊन दिले की त्याला फक्त जोडायचंय, भाव पण फक्त शिलाईचा.

सुईदोरा
शिवण अर्धा इंच सोडून कापा आणि हूडवाल्याला ते सांगा, त्यांना कमी सोडायची सवय असते. आणि त्याला दोरा आणि सुई तुमचीच द्या. नळ्या शिवून झाल्या की तो तुकडा रुंदीला आक्रसतो, तेव्हा नळ्यांचा भाग आधी शिवून घ्या, मग साचा ठेवून बाहेरची कड कापा.

मूळचंच_बरं
तरी मग 'घरी केलं' म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच.

कॉव्हेंट्रीचा_पाऊस
मी खोक्यातून काढून चढवलं तरी म्हणतो, त्यांनी खुशाल म्हणावं.

अर्धाकटिंग
पुढचं बाकडं तयार. हूडवाल्याने आधी लेदर हातात घेऊन मागची बाजू बघितली, वास घेतला, मग म्हणाला हे रिक्षाला नाही चालणार. म्हटलं रिक्षाला नाहीच आहे. दोन संध्याकाळींत शिवून दिलं, कोपऱ्यावर कातडं जाड होत होतं तिथे रापीने आतून तासून पातळ केलं, ते मला सुचलंच नसतं. शिवण बघितली तर पायपिंग सरळ रेषेत, कुठेही पोटात आलेलं नाही.

चढवणं मात्र मीच. प्लॅस्टिकची युक्ती अफाट. हॉग रिंगा (कव्हर तारेला अडकवायच्या कड्या) मिळाल्या पण पक्कड मिळेना, म्हणून कडेच्या तारेला केबल टायने ओढून घेतलं, एकदम नाही, मधून सुरुवात करून दोन्हीकडे एकेक. एका कोपऱ्यावर सुरकुती राहिली, दुरून वाफेची इस्त्री दाखवली आणि हाताने ओढत राहिलो, बरीच गेली. खालच्या बाजूला दोन आयलेट (धातूच्या कडीची भोकं) मारलेत, नाहीतर बसलं की आतली हवा निघायला जागाच नसते आणि सीट फुसफुसते. मागची सीट पुढच्या महिन्यात.

काळीपिवळी
फोटो टाका. वडिलांना दाखवायचाय.

अर्धाकटिंग
टाकले, वरती बघा.

काळीपिवळी
दाखवले. म्हणाले रंग चांगला आहे पण वरून प्लॅस्टिक घाल.

बुलेटराजे
उरलेल्या चिंध्या टाकू नका, माझ्या गाडीच्या सीटला दोन फूट लागेल. आणि त्या हूडवाल्याचा नंबर द्याल का?

अर्धाकटिंग
चिंध्या आईने बॅगेसाठी उचलल्या. नंबर व्यनि (खासगी निरोप) केलाय.

गल्लीबोळ
मला पण.

दीडशहाणा
मला पण. ओम्नीसाठी.